माइकला ओठ टेकवून गाणारा माणूस : जिम रीव्ह्ज

रुळाकाठी

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब राहायचं. काका मेल गाडीचे ड्रायव्हर. रविवारी सगळे चर्चहून परतले की त्यांच्या व्हरांड्यात रेकॉर्ड लागायची, आणि नेमके त्याच वेळी अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीला आरसा टांगून दाढी करायला बसायचे. दाढी दहा मिनिटांची, पण अण्णा तासभर उठायचे नाहीत.

अण्णा पार्सल ऑफिसात कारकून होते. शिक्षण मराठी शाळेतलं. इंग्रजी वाचायचे, लिहायचे, पण साहेब तोंडाने काही बोलले की निम्मं निसटायचं आणि ते त्यांना फार लागायचं. एका रविवारी ते गालाला साबण तसाच ठेवून स्वयंपाकघरात आले आणि आईला म्हणाले, "अगं, आज मला एक अख्खं इंग्रजी गाणं कळलं." तो आवाज जिम रीव्ह्जचा होता. पुढे त्यांनी एक दोनशे पानी वही केली आणि त्याची गाणी ऐकून ऐकून देवनागरीत उतरवून काढली. खाली मराठीत अर्थ. ती वही आता माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात ती पुन्हा उघडली आणि एका प्रश्नाने पाठ धरली: ज्या माणसाला समोरच्या साहेबाचं बोलणं कळत नव्हतं, त्याला टेक्सासच्या खेड्यातल्या गायकाचं गाणं कसं कळलं?

त्यासाठी त्याचं आयुष्य वाचत गेले. सापडलं ते इथे मांडते.

जिमचा जन्म २० ऑगस्ट १९२३ चा, पूर्व टेक्सासमधल्या गॅलोवे नावाच्या वस्तीतला. जवळचं मोठं गाव कार्थेज. पूर्ण नाव जेम्स ट्रॅव्हिस रीव्ह्ज, लहानपणी सगळे ट्रॅव्हिसच म्हणत. मोठ्या भावंडांच्या रांगेतलं हे शेंडेफळ. तो वर्षाचा व्हायच्या आतच वडील गेले आणि आईने शेतात राबून मुलं वाढवली. गिटार लहान वयातच हातात आली, पण जीव होता बेसबॉलमध्ये. खेळाच्या शिष्यवृत्तीवर टेक्सास विद्यापीठात गेला, वाणी आणि नाट्य हा विषय घेतला, आणि काही आठवड्यांतच सोडून ह्यूस्टनच्या जहाजगोदीत कामाला लागला. पुढे सेंट लुई कार्डिनल्सच्या दुय्यम संघात पिचर म्हणून घेतला गेला. चेंडू फेकताना पायाकडे जाणाऱ्या सायाटिक नसेला इजा झाली आणि खेळ कायमचा संपला.

मग पोटासाठी रेडिओ. टेक्सासच्या एका छोट्या केंद्रावर निवेदक, आणि १९५२ च्या सुमारास लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या केडब्ल्यूकेएच केंद्रावर. ह्या केंद्राचा शनिवारचा 'लुइझियाना हेराइड' हा कार्यक्रम म्हणजे नव्या कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाचं गाणं गाणाऱ्या, गायकांचा उंबरठा. जिम तिथे गायक नव्हता, नावं पुकारणारा होता. एका रात्री ठरलेला गायक आलाच नाही आणि ह्यालाच उभं केलं गेलं. त्या रात्री जे झालं त्यावरून त्याला गाण्याचा करार मिळाला.

१९५३ मध्ये 'मेक्सिकन जो' कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, पाठोपाठ 'बिम्बो'. ही गाणी आज ऐकली तर ओळखू येत नाहीत, इतका तो खड्या आवाजात, उड्या मारत गातोय. १९५५ मध्ये त्याला आरसीए व्हिक्टर कंपनीने घेतलं, त्याच वर्षी नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' ह्या कंट्रीच्या मानाच्या रेडिओ कार्यक्रमात प्रवेश मिळाला.

आणि मग १९५७ चं 'फोर वॉल्स'. गाणं बाईच्या आवाजासाठी म्हणून आलेलं. जिमने ते मागून घेतलं, आवाज खाली आणला, खर्जात गेला आणि माइकला जवळजवळ ओठ टेकवून गायला. कंपनीतल्या काहींना ही कुजबुज अजिबात पसंत नव्हती. निर्माता चेट ॲटकिन्स मात्र त्याच्या मागे उभा राहिला. गाणं कंट्रीत पहिलं आलं आणि सर्वसाधारण पॉप यादीतही अकरावं.

ऑक्टोबर १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं 'ही'ल हॅव टू गो' हा त्याचा कळस. जो आणि ऑड्री ॲलिसन ह्या जोडप्याने लिहिलेलं. बारमधून एक माणूस प्रेयसीला फोन करतोय, आणि तिच्याजवळ दुसरा कुणीतरी बसलाय. तो तिला म्हणतो, फोन अजून जवळ घे. बस, एवढंच नाट्य. पण जो माणूस माइकला टेकून गातो त्याने हे गाणं म्हटलं की ऐकणाऱ्याच्याच कानाला रिसीव्हर लागतो. १९६० मध्ये हे गाणं कंट्री यादीत सलग १४ आठवडे पहिलं होतं आणि पॉप यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

चार वर्षांत सगळं संपलं. ३१ जुलै १९६४ रोजी, एकेचाळीस पूर्ण व्हायला वीस दिवस असताना, स्वतः चालवत असलेल्या छोट्या विमानाच्या अपघातात तो गेला.

माझं उत्तर मला त्याच्या निवेदकपणात सापडतं. तो गाणं आधी सांगतो, मग गातो. शब्दाचा शेवट गिळत नाही, दोन शब्दांच्या मधली जागा सोडतो, घाई करत नाही. अण्णांना जी इंग्रजी हवी होती ती त्यांना साहेबाने दिली नाही, ह्या माणसाने दिली. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तो होता का?

वसईचा_वारा

होता का म्हणजे काय, ताई! आमच्याकडे नाताळ त्याच्याशिवाय उजाडत नाही. १९६३ चा त्याचा 'ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस' हा अल्बम. डिसेंबर लागला, अंगणात गोठा बांधायला पोरं जमली, की कुणाच्या तरी घरून 'सिल्व्हर बेल्स' सुरू व्हायचं. मग 'ॲन ओल्ड ख्रिसमस कार्ड'. जुनं भेटकार्ड हाती लागतं आणि पहिला एकत्र नाताळ आठवतो, असं ते गाणं.

माझे आजोबा केळीच्या बागेत आणि पानवेलीत आयुष्य घालवलेले. घरात सामवेदी बोली, चर्चमध्ये मराठी. इंग्रजी त्यांना शून्य. तरी हा आवाज लागला की म्हणायचे, "हा माणूस देवळात बोलतात तसा बोलतो." आता तुमचं वाचून लक्षात येतंय की त्यांना काय म्हणायचं होतं. मोठ्याने न बोलणं. वांद्र्यात, गोव्यात, माझ्या बहिणीच्या सासरी मंगळुरात, सगळीकडे हेच. केरळात आणि ईशान्येकडेही तो असाच घरचा आहे.

सप्तक

सुंदर लिहिलंय. मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, त्यामुळे माइकबद्दल थोडं सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

एका दिशेने ऐकणारा माइक असेल आणि तुम्ही त्याच्या अगदी जवळ गेलात, तर आवाजातला खर्ज आपोआप फुगतो. हा माइकच्या रचनेचाच गुण आहे. जिमचा मूळ आवाज आधीच खोल, त्यात ही भर पडली की तो मखमली, जाड वाटतो. पण ह्या जवळिकीची किंमत असते. 'प' आणि 'ब' म्हणताना तोंडातून जो झोत येतो तो माइकवर थाडकन आपटतो. श्वास ऐकू येतो. जिभेचा चटका ऐकू येतो. सुरात केसाएवढी चूक असेल तरी ती भिंगाखाली दिसते. मोठ्याने गाणाऱ्याला जोराच्या आड चुका लपवता येतात, हळू गाणाऱ्याला लपायला जागाच नाही.

म्हणजे तो नुसता पुढे वाकला नव्हता. निवेदक म्हणून कित्येक वर्षं रोज तासन् तास माइकसमोर बसल्यामुळे झोत कुठे वळवायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. गवय्याचा रियाझ तंबोऱ्यापाशी होतो, ह्याचा बातम्या आणि जाहिराती वाचताना झाला.

दुसरं. गायक कुजबुजू लागला की वादकांना गप्प बसावं लागतं. 'ही'ल हॅव टू गो' नीट ऐका: व्हायब्राफोनचे, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याचे, मोजके ठोके, पियानोचे थेंब, मागे मंद कोरस. बाकी सगळी जागा रिकामी. ती जागा त्याच्या आवाजासाठी राखून ठेवलेली आहे.

फिडलप्रेमी

धागा छान आहे, पण एक दुसरी बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. वादकांना गप्प बसवलं असं सप्तक म्हणतात. गप्प कोण बसलं? फिडल, म्हणजे खेडवळ ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन, आणि तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायची स्टील गिटार. म्हणजे कंट्री संगीताचे दोन्ही हात.

मी हँक विल्यम्स ऐकून ह्या संगीतात शिरलो. तो आवाज फाटका आहे, नाकातून येतो, त्यात दारूचा आणि धुळीचा वास आहे. १९५६ नंतर रॉक अँड रोलने कंट्रीचा खप खाल्ला, तेव्हा नॅशव्हिलच्या कंपन्यांनी ठरवून गाणं शहरी दिवाणखान्यात नेलं. आरसीएमध्ये चेट ॲटकिन्स, डेक्कामध्ये ओवेन ब्रॅडली. व्हायोलिनचा ताफा, गुळगुळीत कोरस. ह्यालाच 'नॅशव्हिल साउंड' म्हणतात. तो म्हणजे नेमकं काय असं विचारल्यावर ॲटकिन्सने खिशातली नाणी खुळखुळवून दाखवली होती, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे आपण गाणं फार लांब नेलं अशी खंतही त्यानेच बोलून दाखवली.

जिमच्या आवाजावर माझा राग नाही. पण त्याच्या यशाने कित्येक खेडवळ आवाजांचं दार बंद झालं, हे विसरू नये.

सप्तक

तुमचा मुद्दा इतिहास म्हणून मान्य. मात्र जिमच्या बाबतीत कार्यकारण उलट लागतं असं मला वाटतं. स्टील गिटारचा आवाज आणि माणसाचा मधला आवाज एकाच पट्टीत फिरतात. दोघं एकदम बोलले की मोठा जिंकतो. जिमने आवाज खाली आणला त्या क्षणी स्टीलला बाजूला व्हावंच लागलं असतं. धंद्याचं गणित होतंच, पण ह्या एका गायकापुरती ती गाण्याची गरजही होती. त्याच काळातली कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन मोठ्या ताफ्यापुढे पूर्ण गळ्याने गाऊ शकायची. जिमने तो गळाच बाजूला ठेवला होता.

आपल्याकडे तलत महमूद घ्या. त्या कापऱ्या आवाजाभोवती वाद्यं किती जपून वाजवली आहेत! तिथे कुणी म्हणत नाही की ढोलक काढून गाणं शहरी केलं.

रुळाकाठी

फिडलप्रेमी, तुम्ही म्हणता ते दार बंद झालं हे खरंच दुःखाचं आहे, आणि मी ते लिहायला हवं होतं. तरी माझ्या बाजूने एवढंच सांगते: हँक विल्यम्सचं गाणं मी अण्णांना मोठेपणी ऐकवलं होतं. त्यांना चाल आवडली, पण वही उघडली नाही. म्हणाले, "हा रडतोय हे कळतं, काय म्हणतोय ते कळत नाही." एका खेडवळ टेक्सन माणसाने आपले हेल घासून काढले म्हणून तो भुसावळला पोचला. त्यात काही हरवलं असेलच.

निळीशाई

मी ह्याला कधीच ऐकलं नव्हतं. काल रात्री धागा वाचून पाच-सहा गाणी ऐकली. दोन प्रश्न आहेत.

एक, त्या रात्री हेराइडला न आलेला गायक कोण? एके ठिकाणी हँक विल्यम्स वाचलं, दुसरीकडे वेगळंच नाव.

दुसरा जरा अवघड. तो १९६२-६३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथे सिनेमा केला, आफ्रिकान्स भाषेत गायला. तो वर्णभेदाचा ऐन काळ होता. ह्याबद्दल कुणी काही बोलत नाही. कौतुकाच्या धाग्यावर विचारणं चालेल ना?

रुळाकाठी

चालेल ना, विचारायलाच हवं.

पहिल्याचं उत्तर: दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात. हेराइडचे निवेदक फ्रँक पेज ह्यांच्या आठवणीप्रमाणे स्लीपी लाबीफ उशिरा आला. खुद्द जिमने मात्र हँक विल्यम्सचं नाव घेतलं आहे. हँकला ऑगस्ट १९५२ मध्ये ऑप्रीतून काढलं होतं आणि तो हेराइडला परतला होता, दारूपायी कार्यक्रम चुकवणं चालूच होतं, आणि १ जानेवारी १९५३ ला तो गेलाच. त्यामुळे तीही गोष्ट काळात बसते. मी जिमच्या बाजूने आहे.

दुसरं. हो, ते मलाही टोचलं. दक्षिण आफ्रिकेत तो एल्व्हिसच्या बरोबरीने लोकप्रिय होता. 'किम्बर्ली जिम' हा त्याचा एकमेव नायकपट तिथेच चित्रित झाला, हिऱ्यांच्या खाणीच्या गावावरचा. आफ्रिकान्स गाण्यांची अख्खी तबकडी त्याने उच्चार घटवून घटवून केली. गोऱ्या सत्तेची जी भाषा, तीच ती. त्याच वेळी त्या देशातली बहुसंख्य माणसं कुठे बसू शकत होती, कुठे नाही, ह्याचे कायदे होते. जिमने त्याविरुद्ध आवाज उठवल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. मला तो आवडतो म्हणून मी ह्याला रंग देणार नाही. तो दुसऱ्यांच्या दुःखावर इतकं हळुवार गायचा, आणि तिथलं एवढं मोठं दुःख समोर असताना गाऊन परत आला. दोन्ही गोष्टी खऱ्या.

वसईचा_वारा

हे प्रामाणिकपणे लिहिलंत ते बरं केलंत, ताई.

नगरी

उशिरा आलो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय जाणार नाही. जिम रीव्ह्जचा आमच्या नगरशी संबंध आहे आणि तो कुणाला माहीत नसतो.

अवतार मेहेरबाबा. जन्म पुण्याचा, १८९४. आश्रम नगरजवळ मेहेराबादला आणि पिंपळगावजवळ मेहेराझादला. १० जुलै १९२५ ला बाबांनी मौन घेतलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरफलकावर बोट फिरवून बोलत, १९५४ पासून तोही सोडून नुसत्या खुणांनी. त्या बाबांच्या आवडत्या गाण्यांत जिम रीव्ह्जची दोन गाणी होती: 'वेलकम टू माय वर्ल्ड' आणि 'देअर्स अ हार्टएक फॉलोइंग मी'. दुसऱ्याचा आशय असा की जाईन तिथे एक दुःख माझी पाठ सोडत नाही.

'द हू' ह्या गाजलेल्या ब्रिटिश रॉक बँडचा पीट टाउनशेंड बाबांचा भक्त. त्याने १९७२ च्या 'हू केम फर्स्ट' ह्या स्वतःच्या अल्बममध्ये हेच गाणं गायलं आहे, बाबांना आवडायचं म्हणून. गिटारी फोडणारा तो माणूस ह्या गाण्यात किती सांभाळून गातो ते जरूर ऐका.

माझी आजी दर अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, मेहेराबादला जाते. दुपारी सव्वाबाराला पंधरा मिनिटं हजारो माणसं एकदम गप्प होतात. तुमचा धागा वाचताना मला ती पंधरा मिनिटं आठवली. चव्वेचाळीस वर्षं न बोललेल्या माणसाला सगळ्यांत कमी आवाजात गाणारा गायक आवडावा, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

रुळाकाठी

नगरी, हे मला ठाऊकच नव्हतं! अंगावर काटा आला. अण्णांच्या वहीत 'हार्टएक' आहे. अर्थाच्या जागी त्यांनी फक्त "पाठीमागे लागलेलं दुखणं" असं लिहून रेघ मारली आहे.

ह्यूस्टनवासी

मी कार्थेजला जाऊन आलो आहे. इथून तीन-साडेतीन तासांची गाडी. टेक्सास म्हटलं की वाळवंट डोळ्यांपुढे येतं, पण हा पूर्वेचा भाग पाइनच्या दाट झाडीचा आहे, लाल माती, दमट हवा. मधूनच नैसर्गिक वायूच्या विहिरी. कोकणातल्या माणसाला परका वाटणार नाही असा.

गावाबाहेर हायवे ७९ ला लागून छोटंसं स्मारक आहे. जिमचा पूर्णाकृती पुतळा, त्याच्या पायाशी समाधी. त्याचा लाडका कुत्रा शायान ह्यालाही तिथेच पुरलं आहे. पुतळ्याखाली कोरलेल्या ओळींचा आशय असा: माझ्या साध्या गाण्याने एकाचे जरी डोळे पुसले गेले तरी गायलेली एकही ओळ वाया गेली नाही. मी गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. गवत नीट कापलेलं होतं, ताजी फुलं होती. गावात टेक्सास कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमचं संग्रहालयही आहे. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याला १९६७ मध्ये घेतलं, मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

अपघाताबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंत. जास्त माहिती असेल तर लिहा ना.

उंचझेप

त्यावर मी लिहितो. मी काही वर्षांपूर्वी छोट्या विमानांचं प्रशिक्षण घेतलं आहे आणि हा अपघात आम्हाला वेगळ्या नावांनी शिकवला जातो.

जिम आर्कान्सामधल्या बेट्सव्हिलहून नॅशव्हिलला परतत होता. जमिनीच्या व्यवहारासाठी गेला होता. बरोबर त्याच्या 'ब्लू बॉइज' ह्या वाद्यवृंदाचा पियानोवादक आणि व्यवस्थापक डीन मॅन्युएल. विमान एका इंजिनाचं बीचक्राफ्ट डेबोनेअर. नॅशव्हिल अगदी जवळ आलं असताना ब्रेंटवुडच्या परिसरात ते वादळी पावसात सापडलं. दिशेचं भान हरपलं, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

हे भान हरपणं म्हणजे घाबरणं नव्हे. ढगात क्षितिज दिसेनासं झालं की तोल सांभाळणारा कानातला द्रव फसवतो. विमान हळूहळू एका अंगाला कलतं, गिरकी घेऊ लागतं, आणि शरीर सांगतं की आपण सरळ चाललोय. उंची कमी होताना पाहून वैमानिक नाक वर ओढतो, त्याने गिरकी अजून आवळते. ह्यातून बाहेर पडायचा एकच मार्ग: शरीराचं न ऐकता समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा. ते अंगवळणी पडायला वेगळं प्रशिक्षण आणि बरेच तास लागतात. त्याच्या आधी जवळजवळ दीड वर्ष, ५ मार्च १९६३ ला, पॅट्सी क्लाइनचं विमानही टेनेसीतच खराब हवेत कोसळलं होतं.

झाडी इतकी दाट की शोधायला दोन दिवस लागले. शोधणाऱ्यांत चेट ॲटकिन्स, एडी अर्नोल्ड, मार्टी रॉबिन्स असे त्याचे सोबतीही होते. २ ऑगस्टला अवशेष सापडले.

फिडलप्रेमी

हे वाचून वाईट वाटलं. आणि तरी मला वाटतं त्याच्यावर दुसरा अन्याय ह्यानंतर झाला.

तो गेल्यावर त्याची पत्नी मेरी आणि कंपनी ह्यांनी उरलेल्या फिती बाहेर काढल्या. ज्या गाण्यांत तो नुसत्या गिटारवर गायला होता त्यावर वाद्यवृंद चढवले. 'डिस्टंट ड्रम्स' मुळात सिंडी वॉकर ह्या गीतकार बाईंच्या गाण्याचा कच्चा नमुना होता. त्यावर नंतर साज चढवून १९६६ मध्ये ते काढलं. ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिलं. १९८१ मध्ये तर त्याच्या आणि पॅट्सी क्लाइनच्या वेगवेगळ्या फिती जोडून युगुलगीतं केली. दोघं जिवंतपणी एकत्र कधी गायले नव्हते. मेलेल्या माणसाला विचारायची सोय नसते.

सप्तक

युगुलगीतांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत, ती मला ऐकवत नाहीत. 'डिस्टंट ड्रम्स'बद्दल मात्र नाही. त्यातलं गाणं त्याने पूर्ण, मनापासून गायलेलं आहे. लढाईवर जायची वेळ आलेला माणूस म्हणतो, दूरवर नगारे वाजतायत, आत्ताच लग्न करू या. १९६६ म्हणजे व्हिएतनामचं युद्ध. घराघरातून मुलं जात होती. ते गाणं कपाटात पडून राहिलं असतं तर कुणाचं भलं झालं असतं?

रुळाकाठी

हा वाद वाचताना एक काम आठवलं, तुमची मदत हवी आहे. वहीबरोबर अण्णांची कॅसेटही सापडली आहे, काकांनी बदली होऊन जाताना भरून दिलेली. फितीवर पांढरी बुरशी दिसते. लावून बघू का?

सप्तक

लावू नका! बुरशी प्लेअरच्या हेडवर पसरेल आणि फीत तुटेल. आधी कोरड्या जागी आठवडाभर राहू द्या. मग तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या कापडातून फीत हलकेच पुढे सरकवत पुसून घ्या, चाक पेन्सिलने फिरवा. कॅसेटचं कवच स्क्रूचं असेल तर उघडून रिळं नव्या कवचात घाला, जुन्यातला फीत दाबणारा फेल्टचा तुकडा बहुतेक गळलेला असतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एकदाच वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. दोनदा वाजेल असं धरून चालू नका.

निळीशाई

तोवर माझ्यासारख्या नव्या माणसाने पुढे काय ऐकावं?

रुळाकाठी

'फोर वॉल्स' आणि त्याच्या आधीचं 'बिम्बो' पाठोपाठ ऐका, एकच माणूस आहे ह्यावर विश्वास बसणार नाही. मग 'ॲम आय लूझिंग यू'. हे त्याने स्वतः लिहिलेलं. शेवटी एप्रिल १९६४ चा ऑस्लोचा कार्यक्रम बघा, त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. नॉर्वेत तो प्रचंड लाडका होता. अंगात सूट, चेहऱ्यावर किंचित हसू, हातवारे नाहीत. साडेतीन महिन्यांनी हा माणूस नसणार आहे, हे ठाऊक असताना बघवत नाही, पण बघाच.

रुळाकाठी

तीन आठवड्यांनी परत आले. सप्तक, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. धाकट्या भावाने रिळं नव्या कवचात घातली. एकदाच वाजवली. दोन्ही बाजू उतरल्या, बारा गाणी स्वच्छ आली.

एका गाण्यात मात्र दोन ठिकाणी आवाज लोळतो, शब्द ताणले जातात. भाऊ म्हणाला, फीत तिथे झिजून लांबली आहे, मागे घेऊन घेऊन. वही काढून बघितलं. त्याच दोन ओळी अण्णांनी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिल्या आहेत. गाणं 'डिस्टंट ड्रम्स'.

सप्तक

वा! तो तुकडा दुसऱ्या प्रतीतून घेऊन दुरुस्त करता येईल, हवं असेल तर मी करून देतो. पण माझं ऐकाल तर करू नका.

फिडलप्रेमी

मीही हेच म्हणणार होतो. हात लावू नका त्याला.

रुळाकाठी

नाही लावणार.